तलवार बदकाची मान आणि बंधाऱ्याची मोजपट्टी

तलवार बदकाची मान किती लांब असते, हे जलसंपदा खात्याच्या कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाही. सापडायचं काही कारणही नाही. पण निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर पाण्याची पातळी वीतभर वर-खाली झाली की त्या मानेला फार महत्त्व येतं. हे बदक सहसा बुडी मारून खात नाही. तरंगता तरंगता ते एकदम पुढे कलंडतं. डोकं आणि मान पाण्याखाली, टोकदार शेपूट आभाळाकडे, पाय पाणी कापत तोल सावरतायत, अशा अवस्थेत ते तळाच्या चिखलातलं बी, किडे, बारीक गोगलगायी टिपत राहतं. चोच पोचेल तेवढाच तळ त्याच्या मालकीचा. त्याची मान लांब असल्यामुळे त्याला साधारण ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत पोचता येतं. शेजारीच चरणारं चक्रांग बदक आखूड मानेचं, त्याला याहून उथळ पाणी लागतं. गुलाबी काटक्यांसारख्या पायांचा शेकाट्या आणखी कमी पाण्यात हिंडतो, आणि तुतवाराला तर नुसता ओला चिखल पुरतो. उलट कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी बुडी मारू शकतो, त्यामुळे खोल पाण्याचं त्याला वावडं नाही.

हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून दुर्बीण लावली तर हजारो पक्षी नुसतेच पसरलेले दिसतात. खरं तर त्यांनी तळं आपसात सेंटीमीटरच्या हिशेबानं वाटून घेतलेलं असतं. यातले कितीतरी मध्य आशियातून आणि सायबेरियातून, सुमारे ३० देशांवरून जाणाऱ्या मध्य आशियाई उड्डाणमार्गानं आलेले. हजारो किलोमीटर कापून आलेल्या पाखराचं पोट शेवटी वीतभर पाण्यावर अवलंबून, आणि ती वीत ठरवणारा माणूस पाटबंधाऱ्याचा अभियंता! मला या गोष्टीचं आश्चर्य अजूनही ओसरलेलं नाही.

तो बंधारा पक्ष्यांसाठी बांधलेला नव्हताच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या किंचित खाली ब्रिटिश अभियंत्यांनी हा दगडी बंधारा घातला, तो पाणी साठवायला नव्हे, तर नदीतून येणारं पाणी उचलून कालव्यांत वळवायला. वरच्या अंगाला दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं. तिथून सोडलेलं पाणी कालव्यानं नव्हे, तर नदीच्या पात्रातूनच वाहत खाली येतं, नांदूर मध्यमेश्वरला अडतं आणि गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत शिरून कोपरगाव-राहात्याच्या उसापर्यंत जातं. पुढे गंगापूर धरण झालं, कादवेवर पालखेड झालं. मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलदगती कालवाही इथूनच निघतो. थोडक्यात, नाशिक जिल्ह्यातल्या पाण्याचा हा चौक.

अडलेलं पाणी मंदावतं, आणि मंदावलेलं पाणी आपल्या पोटातली माती खाली टाकतं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, फुगवट्यात उथळ बेटं वर आली, त्यावर पाणकणीस आणि लव्हाळे रुजले. अभियंत्याच्या दृष्टीनं हे सरळसरळ अपयश होतं. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात त्या अपयशातून शेकडो हेक्टरांची दलदल तयार झाली. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी ती पाहून ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागल्याचं जाहीर झालं. राज्यातलं ते पहिलं रामसर स्थळ. १,४३७ हेक्टर क्षेत्र, ५३६ प्रजातींची नोंद.

म्हणजे इथे जमीन आणि पाखरं वन खात्याच्या वन्यजीव विभागाची, पाणी आणि दरवाजे जलसंपदा खात्याचे. गाळ कोणाचा, हे मात्र कोणी विचारू नये.

‘भरतपूर’ ही उपाधी आपण कौतुकानं मिरवतो. पण खऱ्या भरतपुरात काय घडलं, तेही तिच्यासोबत घ्यायला हवं. राजस्थानातलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात तिथली म्हशींची चराई बंद करण्यात आली. पक्षितज्ज्ञांचा कौलही बंदीच्या बाजूनं होता. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ तिथे दहा वर्षांचा अभ्यास करत होते. त्यातून निघालेला निष्कर्ष बंदीच्या बाजूच्यांना अवघड जाणारा होता. म्हशी गेल्या तशी पाणगवतानं उघडं पाणी व्यापलं, आणि बदकांना चरायला जागा कमी पडू लागली. म्हशी तळं उघडं ठेवत होत्या. पुढे वरच्या अंगाला पांचना धरण झालं, दुष्काळी वर्षांत पाणी येईनासं झालं, आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. तेव्हा उद्यानाचं भवितव्य वनाधिकाऱ्याच्या हातात राहिलंच नाही. ते दुसऱ्याच खात्याच्या, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या धरणाच्या दरवाज्यावर गेलं. कुंपण, पहारा आणि फलक यांनी पाणथळ राखता येत नाही, हे त्या दोन दशकांत भरपूर किंमत मोजून कळलं.

आता नाशिककडे. इथलं वेळापत्रक गेली काही वर्षं सरकायला लागलं आहे. भारतीय हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या येण्या-जाण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख जेमतेम एका दिवसानं पुढे गेली, १० जूनची ११ जून झाली. पण मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरला गेली. वायव्य भारतातून माघारीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबरला धरली जाऊ लागली. पाऊस येतो जवळपास तेव्हाच, पण जायचं नाव लवकर घेत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. अशा अतिवृष्टीला लागणारी वाफ मोठ्या प्रमाणावर येते अरबी समुद्रावरून, आणि तो समुद्र तापतो आहे.

निफाडकरांना आकडे नवीन नाहीत. डिसेंबर-जानेवारीत ‘निफाडचा पारा’ राज्यभर वाचला जातो. तो मोजला जातो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. म्हणजे गव्हासाठी ठेवलेला तापमापक द्राक्षवाल्यांची झोप उडवतो आणि वर्तमानपत्रांचे मथळे भरतो. एकानं आपल्या कामासाठी केलेलं मोजमाप दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, ते असं. याच गोष्टीकडे मला पुढे यायचं आहे.

त्याआधी एक तारीख, १५ ऑक्टोबर. गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं, आणि त्यावरून ठरलं की १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. २०२३ साली असंच सुमारे ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, त्यावर नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा नेहमीचा सामना रंगला, आणि नोव्हेंबर सरता सरता दरवाजे उघडले. गोदावरीच्या बाजूचं पाणी खाली जातं ते नांदूर मध्यमेश्वरवरूनच. बदकं उतरायला लागतात तेही याच दिवसांत. पाणीवाटपाच्या भांडणाचा हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम एकच! त्या सूत्रात पिण्याचं पाणी आहे, शेती आहे, कारखाने आहेत. वीतभर उथळ पाण्याचा रकाना नाही.

असा रकाना घालायचा म्हटलं तर त्यात लिहायचं काय? ‘पक्ष्यांचा विचार व्हावा’ असं निवेदन अभियंत्याला देऊन काही उपयोग नसतो. त्याला तारीख लागते, पातळी लागते, किती दिवसांत किती उतरवायचं तो दर लागतो. शास्त्रज्ञाकडे असते ती पक्ष्यांची गणना, पायात घातलेल्या कड्यांच्या नोंदी, चिखलातल्या किड्यांचे नमुने. दोघांमधला पूल भूमितीचा आहे, आणि तो इतका सोपा आहे की थक्क व्हावं.

समजा, काठाचा उतार हजारास एक आहे, म्हणजे हजार मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरते. गाळानं भरलेल्या तळाला असा मंद उतार सहज असतो. पाणी फक्त दहा सेंटीमीटर उतरलं, तर काठ शंभर मीटर मागे जातो. शून्य ते ३० सेंटीमीटर खोलीचा, म्हणजे तलवार बदकाच्या आवाक्यातला पट्टा तीनशे मीटर रुंदीचा होतो. आता एका रात्रीत पाणी अर्धा मीटर चढवा. तो अख्खा पट्टा बदकाच्या मानेपलीकडे बुडाला. काठाशी नवा पट्टा तयार होईल, पण तिथे कालपर्यंत कोरडी जमीन होती. तिच्यात अळ्या नाहीत, गोगलगायी नाहीत, आणि बऱ्याचदा तिथे कोणाचा तरी हरभरा उभा असतो. पाणी हळूहळू, दिवसाला दोन-तीन सेंटीमीटर असं उतरत गेलं तर मात्र गंमत होते. चराऊ पट्टा रोज थोडा आत सरकतो, ताजा चिखल रोज उघडा पडतो, आणि तेच तळं आठवडेच्या आठवडे जेवण वाढत राहतं. एकूण पाणी तेवढंच, फक्त सोडायची चाल वेगळी. अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांच्या राखीव तळ्यांवर ही मंद उतरणीची पद्धत अनेक दशकं वापरात आहे.

मग प्रश्न राहतो, तळाचा खरा उतार कळणार कसा? इथे नाशिकची एक संस्था कामी येते. दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, गावात सगळे तिला नुसतं ‘मेरी’ म्हणतात. राज्यातल्या जलाशयांत गाळ किती साचला, हे मेरीनं उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं आहे. त्याची युक्ती अशी. सूर्यप्रकाशातले अवरक्त किरण जमीन आणि झाडं परत फेकतात, पाणी मात्र गिळून टाकतं. म्हणून त्या किरणांत टिपलेल्या चित्रात पाणी काळंकुट्ट दिसतं आणि काठाची रेघ स्वच्छ उमटते. त्या दिवशी धरणावरच्या मोजपट्टीनं किती पातळी दाखवली, ते खात्याच्या वहीत असतंच. काळ्या डागाचं क्षेत्रफळ आणि पट्टीवरचा आकडा यांची जोडी जमली की त्या पातळीची समोच्च रेषा हाती आली. पाणी उतरत जाईल तशी दुसरी, तिसरी, दहावी रेषा. त्या एकावर एक रचल्या की पाण्याखालच्या तळाचा आकार होडी न उतरवता उभा राहतो. मूळ नकाशाशी ताडून पाहिलं की गाळानं किती जागा खाल्ली ते कळतं. पाणी कधीच ज्याच्या खाली जात नाही तो भाग मात्र उपग्रहाला दिसत नाही, तिथे ध्वनिलहरींनी खोली मोजणारी होडीच लागते.

या हिशेबातून एक तक्ता निघतो. अमुक पातळीला अमुक क्षेत्र पाण्याखाली. अभियंता तो वाचतो साठा काढायला. पण त्याच तक्त्यातल्या दोन ओळींची वजाबाकी करा. आजच्या पातळीचं क्षेत्र, उणे त्याखाली ३० सेंटीमीटरवरचं क्षेत्र. उत्तर येतं ते तलवार बदकांच्या ताटाचं क्षेत्रफळ, हेक्टरांत! दहा सेंटीमीटरवरचं वजा केलं तर शेकाट्याचं. गाळाचं नुकसान मोजायला केलेल्या तक्त्यात पक्ष्यांचा नकाशा आयता दडलेला आहे, फक्त त्या नजरेनं कोणी तो वाचायला हवा. आणि योगायोग असा, की ढगांमुळे पावसाळ्यात असली चित्रं निरुपयोगी असतात, आभाळ निवळतं ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं पाहुणे यायच्या वेळी. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या बारकाव्यानं ही चित्रं सगळ्यांना फुकट देतात. दहा मीटरच्या चौकोनात बदक दिसत नाही, पण त्याची चरायची जागा दिसते.

नांदूर मध्यमेश्वर वळवणीचा बंधारा आहे, त्याची पातळी मोठ्या धरणासारखी खालपर्यंत उतरत नाही, त्यामुळे रेषा थोड्याच मिळतील हे खरं. उरलेलं काम होडीवर पडेल आणि बांबू टेकत होडी हाकणाऱ्यांवर. कुठे किती चिखल आहे हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं. दुसरी बाजू, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे कोण चरत होतं, ती पक्षिगणनेतून येते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, पण वर्षातून एकदा मोजून पातळीचा परिणाम कळत नाही. हंगामभर, ठरलेल्या जागांवरून, मोजपट्टीच्या आकड्यासह मोजलं तरच दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलतील.

कॅलिफोर्नियात असं झालं आहे. २०१४ च्या कडक दुष्काळात तिथल्या नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं हौशी पक्षिनिरीक्षकांच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरच्या नोंदी घेतल्या, कोणत्या आठवड्यात कुठे उथळ पाण्याची चणचण भासणार याचा अंदाज बांधला, आणि भातशेतकऱ्यांकडून बोली मागवून काही आठवड्यांपुरती शेतं पाण्याखाली ठेवायचे पैसे दिले. जमीन विकत घेतली नाही, पाणीही कायमचं मागितलं नाही. पाहुणे जेवढे दिवस, तेवढ्या दिवसांचं भाडं.

आपल्याकडे जसंच्या तसं ते चालेल असं मी म्हणत नाही. इथे काठावर चांदोरी आणि सायखेडा आहे. गोदावरीला मोठा पूर आला की तिथल्या घरांत, बाजारपेठेत पाणी शिरतं. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही त्या लोकांची जुनी मागणी आहे. पक्षिप्रेमींना ती ऐकायला आवडत नाही. पण ज्याच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं, त्याला पाणथळाचं महत्त्व सांगायला मी तरी जाणार नाही. अतिवृष्टी वाढत असताना ही मागणी आणखी जोर धरणार.

अशा पेचांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतले शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक यांनी मिळून विचाराची एक चौकट केली आहे. बदल समोर आला की तीनच वाटा असतात. त्याला रोखायचं, तो पत्करायचा, नाहीतर आपल्याला हवा तसा वळवायचा. कोणत्या जागी कोणती वाट, हे आधीच उघडपणे ठरवा, म्हणजे निदान नकळत तरी काही पत्करलं जाणार नाही. इथे लावून पाहा. पुराच्या मुख्य धारेत गाळ रोखावा, तिथला काढावा. तिथे पाणी वेगानं वाहतं, बदकं तशीही फारशी चरत नाहीत. कडेच्या उथळ फुगवट्यातला गाळ पत्करावा. आणि लांबलेल्या पावसामुळे उशिरा उघडी पडणारी दलदल दरवाज्यांच्या चालीनं वळवून घ्यावी. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी मात्र रोखायचीच, कारण उबदार, खतावलेल्या पाण्यात ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते, आणि तिनं झाकलेलं पाणी बदकाला मिटलेलंच. ही वाटणी माझी, कच्ची. तज्ज्ञ तिच्यातल्या चुका काढतील, आणि काढाव्यातच. पण त्यासाठी वन्यजीव विभाग, जलसंपदा, मेरी आणि पक्षितज्ज्ञ एकाच नकाशाभोवती बसायला हवेत. रामसर स्थळाला एकात्मिक व्यवस्थापन आराखडा लागतो, तेव्हा बसायचं निमित्त तरी तयार आहे. जायकवाडीच्या सूत्राचा फेरविचारही मेरीच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाकडे दिला गेला होता, म्हणजे मोजणारी संस्था आणि वाटणारं खातं यांची ओळख आहे.

पक्ष्यांचं एक बरं असतं. नांदूर मध्यमेश्वर बिघडलं तर ते जायकवाडीला उतरतील, उजनीला जातील. रामसरच्या कागदात याच जागेशी जोडलेलं आणखी एक नाव आहे, त्याला ही सोय नाही. सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये देवळालीच्या परिसरातून एका बोटभर माशाचं वर्णन केलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर यांचं नाव त्याला दिलं. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. तो आणि त्याच्या जवळच्या नात्यातले मासे वाहत्या, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यात दगडांना बिलगून राहणारे. साचलेल्या फुगवट्याचा त्यांना उपयोग नाही, दहा सेंटीमीटर की तीस, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना लागतं पात्रातून न थांबता वाहणारं पाणी. आणि देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणेचं पात्र उन्हाळ्यात वाहतं ते आवर्तनानं. पाळी आली की भरून, पाळी संपली की दगड उघडे. कालव्यात पाणी किती दिवसांनी पोचेल, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दर हंगामाला ठरतं. दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत दारणेच्या कोणत्या डोहात किती पाणी उरतं, ते किती तापतं, त्यात प्राणवायू किती राहतो, हे मोजायला उपग्रह उपयोगाचा नाही. त्यासाठी भर मे महिन्यात, आवर्तन बंद झाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, हातात जाळं आणि तापमापक घेऊन पात्रात उतरावं लागेल. आणि सोबत पाटबंधाऱ्याचा माणूस असेल तर फारच उत्तम, कारण पुढचं आवर्तन दोन दिवस आधी किंवा अर्ध्या विसर्गानं जास्त दिवस चालवता येईल का, हे जागेवरच सांगू शकेल असा तो एकटाच.